चौक आणि चौकट

पास्काचा सण आटोपला की घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही पाड्यापाड्यांतून फिरतो. डहाणूच्या पूर्वेस, गंजाडच्या परिसरात, एका निवृत्त शिक्षक दांपत्याचे घर या फेरीत असते. गुरुजी आणि बाई दोघेही मूळचे वसईकडचे. नोकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि इथलेच होऊन राहिले. त्यांच्या ओटीवर, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली, छायाचित्रांच्या लहान लहान चौकटी ओळीने टांगलेल्या आहेत. प्रत्येक चौकटीत तीच दोन माणसे. डावीकडे बाई, उजवीकडे गुरुजी.

पहिले छायाचित्र १९८० सालच्या मे महिन्यातले, जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या मंदिरासमोरचे. कॅमेरा एका सहकाऱ्याकडून मागून आणलेला, त्या काळी घरोघर पाहावयास मिळणारा ‘क्लिक थ्री’. एका रोलमध्ये बारा चित्रे. अकरा चित्रे मंदिरांची आणि समुद्राची काढून झाली आणि उरलेले बारावे, वाटेने जाणाऱ्या एका भल्या माणसाने, या दोघांचे काढले. तेव्हापासून नेम ठरला. शाळेचा निकाल लावून झाला की दोघांनी कोठेतरी जायचे आणि तिथे दोघांचे एकच छायाचित्र घ्यायचे. वेलंकनी, नाशिक, महाबळेश्वर, नागपूर अशा ठिकाणी ते जाऊन आले. एका वर्षीच्या चित्रात दोघांच्या मध्ये तिसरा माणूस सहज उभा राहील इतके अंतर आहे. त्याविषयी आम्ही एकदा विचारले तेव्हा बाई हसून म्हणाल्या, “त्या वर्षी आमचा अबोला होता, फादर. पण तिकिटं आधीच काढली होती.” २०२० सालचे चित्र घराच्या अंगणातले आहे. त्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे कोणालाच उंबरठा ओलांडता आला नव्हता.

यंदा आम्ही गेलो तेव्हा बाई खाटेवर होत्या. आगमनकाळात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडून झाले. गुरुजी आम्हांला पोहोचवावयास अंगणापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, “फादर, मे महिना जवळ आला. यंदाचा फोटो काढावा की नाही? मुलगी म्हणते, आईला अशा अवस्थेत भिंतीवर लावू नका. मला तर काही सुचत नाही.”

आम्हांलाही त्या क्षणी काही सुचले नाही. “पाहू या,” असे काहीतरी मोघम बोलून आम्ही निघालो. मात्र तो प्रश्न आमच्याबरोबर धर्मग्रामात परतला. पती-पत्नींनी एकत्र प्रवास करावा आणि त्याची खूण म्हणून एकत्र चित्र काढून घ्यावे, ही आज इतकी साधी वाटणारी गोष्ट आपल्या समाजात केव्हा आणि कशी आली? तिला एवढे महत्त्व द्यावे का? या विचारातून हा लेख झाला आहे.

वाचकहो, या शोधाचा आरंभ गंजाडपासूनच करणे योग्य होईल. कारण जोडप्याचे चित्र भिंतीवर काढण्याची परंपरा या भूमीत कॅमेऱ्याहून फार जुनी आहे. वारली कुटुंबात लग्न ठरले की शेणमातीने आणि गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी. भोवती नक्षीच्या पट्ट्या आणि चौकाच्या आतबाहेर सूर्य, चंद्र, झाडे, शिडी, फणी. घोड्यावर बसलेले नवरा-नवरीही अनेकदा असतात. चौक झाल्यावाचून लग्न लागत नाही आणि लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे एक स्त्रीच. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की वारली चित्रातला माणूस उभा राहतो. असे कितीतरी जोडून उभे केलेले त्रिकोण त्या भिंतीवर नाचत असतात.

ही कला गंजाडमधूनच जगापुढे गेली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागात आले आणि त्यांनी भिंतीवरच्या या चित्रांना कागदावर आणण्यासाठी प्रोत्साहन दिले. गंजाडच्या कळंबीपाड्यातील जिव्या सोमा मशे यांनी पुढे तिला स्वतंत्र रूप दिले. तलासरीजवळच्या धामणगावी १९३४ साली जन्मलेल्या या माणसाची आई तो सात वर्षांचा असताना गेली. त्या धक्क्याने मुलाची वाचाच गेली आणि काही वर्षे तो मातीत चित्रे काढून मनातले सांगत असे. जिव्या सोमांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. मे २०१८ मध्ये ते निवर्तले. लग्नविधीपुरती मर्यादित असलेली सवाशिणींची चित्रकला त्यांनी रोजची केली. शेते, मासेमारी, तारपा, आगगाडी असे जे जे दिसले ते त्यांच्या चित्रांत आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. लग्नचौक हा भिंतीवर टिकवण्यासाठी लिहिलेला नसतो. भिंत पुन्हा सारवली की तो जातो. जोडप्याचे चित्र असे आयुष्यात एकदा काढले जाई आणि ते पुसले गेल्यावर त्या दोघांचे पुढे काय होत असे, याची हकिकत मात्र फार क्लेशकारक आहे.

त्या हकिकतीचे नाव ‘लग्नगडी’. डहाणू, तलासरी आणि उंबरगावच्या पट्ट्यात लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेणारा आदिवासी तरुण ते फेडीपर्यंत त्याच्याकडे राबत असे. कर्ज फिटत नसे, म्हणून राबणेही संपत नसे आणि नवऱ्यापाठोपाठ त्याची बायकोही त्याच वेठीत सापडे. चौकात घोड्यावर बसलेली ती जोडी प्रत्यक्षात मालकाच्या आज्ञेवाचून शेजारच्या गावीही जाऊ शकत नव्हती. एकत्र जीवनाचा आरंभच त्यांच्या बंदिवासाचा आरंभ ठरे. मग एकत्र प्रवासाची गोष्टच कशाला?

ही वेठ मोडण्यासाठी या रानवाटांनी जे चालत गेले त्यांतही एक दांपत्य होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांचा विवाह १९३९ सालचा. पुण्यातील एका वकिलाची कन्या, स्वतः कायद्याची पदवीधर, भारत सेवक समाजाची पहिली स्त्री आजीव सदस्य, अशा गोदावरीबाई शामरावांच्या जोडीने वारली पाड्यांतून फिरल्या, तिथेच जेवल्या, तिथेच झोपल्या. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी येथे परिषद भरली आणि लग्नगडी व वेठबिगार यांच्याविरुद्ध लढा उभा राहिला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि आदिवासींचे रक्त सांडले. परुळेकरांच्या राजकीय विचारसरणीशी धर्मगुरू म्हणून आमचे मतभेद आहेत आणि ते लपविण्याचे कारण नाही. तथापि आपल्या भागातील आदिवासी जोडप्याला स्वतःच्या पायांनी हवे तिकडे जाण्याचा अधिकार मिळाला, त्यात या दोघांचा वाटा मोठा आहे, हे न सांगणे कृतघ्नपणाचे ठरेल. शामराव ३ ऑगस्ट १९६५ रोजी स्थानबद्धतेत असतानाच वारले. त्यानंतर पाच वर्षांनी गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वेठबिगारी कायद्याने रद्द करणारा केंद्राचा अधिनियम यावयास मात्र १९७६ साल उजाडले.

पाड्यांवर वेठीची बेडी होती. शहरातल्या सुशिक्षित घरांत बेडी होती ती लोकलज्जेची. मुंबईत कॅमेरा लवकर आला. १८३९ साली फ्रान्समध्ये छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रणाला वाहिलेली संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांनी तिच्या कामात भाग घेतला. आगगाडीही आली. मुंबई आणि अहमदाबाद १८६४ साली लोहमार्गाने जोडली गेली आणि डहाणूची किनारपट्टी त्या मार्गावर आली. म्हणजे प्रवासाचे साधन आले, चित्राचे साधनही आले. पण पती-पत्नी एकमेकांशेजारी बसून जाताना दिसणे आणि एकमेकांशेजारी उभे राहून चित्र काढून घेणे समाजाला रुचत नव्हते. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलणेही जिथे निषिद्ध, तिथे त्याच्या शेजारी कॅमेऱ्याकडे पाहत उभे राहण्याचे धाडस कोण करणार? फोटो काढल्याने आयुष्य घटते ही समजूत त्यात भर घालत असे. जुन्या चित्रांत जी मोजकी जोडपी दिसतात त्यांत बहुधा पती खुर्चीवर बसलेला आणि पत्नी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असते.

या काळात एका मराठी दांपत्याने एकत्र प्रवास केला आणि पत्नीने त्याचे वर्णन लिहून ठेवले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई यांचा विवाह १८७३ साली झाला तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. त्यांना शिकविण्याचा रानड्यांचा हट्ट घरातील बायकांना सहन झाला नाही आणि त्याची शिक्षा रमाबाईंना रोज टोमण्यांच्या रूपाने मिळाली. न्यायखात्याच्या फिरतीवर निघताना रानडे त्यांना बरोबर नेत. घराबाहेर पडल्यावर त्यांना मोकळेपणाने वाचता येई, बोलता येई. १८८६ साली सरकारी वित्त समितीच्या कामासाठी दोघे सिमला आणि कलकत्ता येथे राहिले. कलकत्त्याला रानडे बंगाली शिकू लागले. दाढी करणाऱ्या न्हाव्यासमोर ते बंगाली वाचत आणि तो त्यांचे उच्चार सुधारी. हे पाहून रमाबाईंना हसू आवरेना. पुढे त्याही बंगाली शिकल्या. रानडे १९०१ साली वारले. त्यानंतर १९१० साली रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध केल्या. न्हाव्यापुढे शिष्य होऊन बसलेला तो न्यायाधीश कोणत्याही कॅमेऱ्याने टिपला नाही. शेजारी उभी असलेली पत्नी होती म्हणून आज तो आपल्याला दिसतो.

दुसरे उदाहरण आपल्या ख्रिस्ती समाजातले, आणि ते अधिक जिव्हाळ्याचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे बरेचसे आयुष्य वाटेवरच गेले. टिळकांना एका जागी स्वस्थ बसणे ठाऊकच नव्हते. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका मिशनऱ्याशी झालेल्या भेटीत त्यांच्या हाती बायबल आले आणि आयुष्याची दिशा बदलली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. काही वर्षे दोघे दूर राहिले. नंतर त्या अहमदनगरला पतीजवळ आल्या आणि १९०० साली, स्वतःच्या विचाराने, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ साली गेले. लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘स्मृतिचित्रे’. या नावाकडे आपण कधी नीट लक्ष देतो का? आठवणींची चित्रे! रुसवे, ताटातुटी, फजित्या, उपासमार आणि पुन्हा भेट, यांपैकी काहीही त्यांनी झाकून ठेवले नाही. पतीला त्यांनी देव केले नाही की स्वतःला देवी केले नाही. आमच्या मते मराठीतील दांपत्याचा सर्वांत सच्चा चित्रसंग्रह हाच आणि त्यात एकही छायाचित्र असण्याची गरज नव्हती.

सामान्य माणसांना अशी फिरती कोठून मिळणार? त्यांच्या वाट्याला एकत्र प्रवास आला तो यात्रेच्या रूपाने. कोणी पंढरीची वारी करी. आमच्या डहाणूकडे चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरते. आपले लोक सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीला जात आले आहेत. देवाचे निमित्त असले की जोडीने जाण्याला कोणी नावे ठेवीत नसे. आमच्या बालपणी जत्रेतल्या फोटोवाल्याच्या पालात रंगवलेला पडदा असे. त्यावर राजवाडा, हंस किंवा विमान. त्या पडद्यापुढे ताठ उभे राहून घेतलेला एक फोटो, हीच कित्येक जोडप्यांची आयुष्यातली एकमेव तसबीर. आमच्या आईवडिलांचीही तशीच आहे. त्यात आई किंचित मागे सरकलेली दिसते. लहानपणी आम्हांला ती फोटोवाल्याची चूक वाटे. ती चूक नव्हती, हे पुष्कळ उशिरा कळले.

हातात धरता येणारा स्वस्त कॅमेरा आला आणि हे चित्र पालटले. अमेरिकेत कोडॅक कंपनीने १९०० साली एक डॉलर किंमतीचा ‘ब्राउनी’ कॅमेरा काढला. आपल्याकडे तसा स्वस्त कॅमेरा मध्यमवर्गाच्या हाती यावयास आणखी अर्धशतक जावे लागले. छायाचित्र मग आयुष्यातून एकदाच घेण्याची वस्तू राहिली नाही. ते पुन्हा पुन्हा घेता येऊ लागले आणि त्यातून दर वर्षी एक चित्र घेण्याची कल्पना जगात ठिकठिकाणी रुजली. अमेरिकन छायाचित्रकार निकोलस निक्सन यांनी १९७५ पासून आपली पत्नी आणि तिच्या तीन बहिणी यांचे दर वर्षी एक चित्र घेतले. उभे राहण्याचा क्रम दर वर्षी तोच. दक्षिण अमेरिकेत ब्युनोस आयर्स येथील दिएगो गोल्डबर्ग आणि त्यांची पत्नी सुसी यांनी १९७६ पासून दर १७ जूनला स्वतःचे चेहरे टिपण्याचा नेम सुरू केला. आरंभी दोघांचीच चित्रे होती, पुढे तीन मुलगे आले, त्यांचीही चित्रे त्यांत मिळाली. ही चित्रे क्रमाने पाहताना एकेक सुरकुती कशी उमटत गेली ते दिसते. त्यांपैकी कोणी वय लपवले असते, एखादे वाईट वर्ष गाळले असते, तर त्या मालिकेला काही अर्थच उरला नसता.

गंजाडच्या गुरुजींना यांपैकी कोणाचेही नाव ठाऊक नाही. त्यांनी आपला नेम स्वतःच शोधला. त्यांच्या ओटीवर टिपलेल्या गोष्टी मात्र त्याच आहेत. अबोल्याचे वर्ष तिथे आहे, टाळेबंदीचे अंगण आहे. सहल उत्तम झाली याचा पुरावा म्हणून ती चित्रे लावलेली नाहीत. त्या त्या वर्षी दोघे बरोबर होते, इतकेच ती सांगतात.

नव्या करारात असे एक दांपत्य आहे. अक्विला आणि प्रिस्किल्ला. क्लौद्य कैसराने यहुद्यांना रोममधून घालवून दिले तेव्हा ही दोघे करिंथला आली. तंबू तयार करण्याचा त्यांचा व्यवसाय होता. संत पौल त्यांच्याच घरी राहिला. पुढे ती दोघे त्याच्याबरोबर इफिसला गेली, नंतर पुन्हा रोमला परतली. नव्या करारात त्यांचा उल्लेख सहा वेळा येतो आणि सहाही वेळा दोघांची नावे एकत्रच येतात. त्यांपैकी चार ठिकाणी पत्नीचे नाव आधी आहे. त्यांचे रूप, त्यांचे वय, त्यांची मुलेबाळे यांविषयी पवित्र शास्त्र एक अक्षर बोलत नाही. निर्वासित असोत की यजमान, ती एकत्र होती, एवढे मात्र कधी सांगावयाचे राहत नाही.

या साऱ्याचा विचार करीत मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. मुलगी आलेली होती. तिने आपले म्हणणे आम्हांला सांगितले आणि ते चुकीचे नव्हते. आईने आयुष्यभर नीटनेटके राहून शाळा शिकवली, तिची दुर्बलता चारचौघांत मांडू नये, असे तिला वाटत होते. आम्ही तिला एवढेच म्हटले की, आजीआजोबांच्या पिढीला जोडीने उभे राहण्याचा संकोच होता, पाड्यावरच्या जोडप्याला तर त्याची मुभाच नव्हती. तुझ्या आईवडिलांनी ही गोष्ट वर्षानुवर्षे न चुकता केली आहे. ती थांबवायची की नाही हे तू, मी किंवा गुरुजी ठरवू नये. आईला विचारावे.

तोवर बाईंना कोणी विचारलेच नव्हते, ही गोष्ट आम्हां सर्वांच्या एकदमच ध्यानात आली. गुरुजींचा चेहरा उतरला. ते खाटेजवळ गेले, वाकले आणि म्हणाले, “अगं, यंदाचा फोटो काढायचा का?”

बाईंना बोलताना कष्ट पडतात. त्यांनी उजव्या हाताने अंगावरच्या साडीचा पदर धरून हलवला. मुलगी जवळ गेली. “ही नको,” एवढे दोन शब्द स्पष्ट उमटले. मुलीने कपाट उघडून साड्या एकेक दाखवल्या. तिसऱ्या साडीला बाईंनी मान हलवली. मुलीने त्यांचे केस विंचरले, पदर नीट केला. हे चालू असता आम्ही आणि गुरुजी ओटीवर उभे होतो. कोणी काही बोलले नाही.

मग एक अडचण निघाली. खाट भिंतीला लागून होती आणि जी बाजू मोकळी होती तिथे गुरुजी उभे राहिले तर चित्रात ते डावीकडे येत होते. मुलगी म्हणाली, “बाबा, एका वर्षी बदललं तर काय झालं?” बाईंनी उजवा हात वर करून जोराने हलवला. तेव्हा खाट भिंतीपासून ओढावी लागली. एका बाजूने मुलीने आणि दुसऱ्या बाजूने आम्ही धरली. भिंत आणि खाट यांच्यामधल्या अरुंद जागेत गुरुजी शिरले आणि खाटेच्या कडेवर हात टेकून उभे राहिले. मुलीने मोबाइलवर चित्र घेतले. एकच.

जूनमध्ये आम्ही त्या वाटेने गेलो तेव्हा ते चित्र ओळीच्या शेवटी, आपल्या चौकटीत, लागले होते. डावीकडे बाई, उजवीकडे गुरुजी.